कि-४६: जपानी लष्कराचं टेहळणी विमान इतकं वेगवान का होतं आणि शेवटी त्याला गाठलं कोणी

प्रश्न असा होता: दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराकडे टेहळणीचं एक विमान होतं, आणि ते बरीच वर्षं कोणाच्या हाती लागलं नाही असं म्हणतात. ते कोणतं, त्यात विशेष काय होतं, आणि पुढे त्याचं काय झालं?

ते विमान म्हणजे मित्सुबिशीचं कि-४६. जपानी लष्करात त्याचं अधिकृत नाव 'शंभर नमुन्याचं मुख्यालय टेहळणी विमान' असं होतं. जपानी शाही कालगणनेचं २६०० वं वर्ष, म्हणजे आपलं १९४०; शेवटचे दोन आकडे शून्य, म्हणून शंभर. दोस्त राष्ट्रांनी त्याला 'डायना' हे सांकेतिक नाव दिलं आणि जगभर तेच रूढ झालं. हवाई छायाचित्रं वाचण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे कुठल्याही टेहळणी विमानाकडे बघताना मी आधी विचारतो की त्याच्या पोटातला कॅमेरा कुठवर गेला आणि परत आला का. या कसोटीवर कि-४६ इतकं स्वच्छ विचारातून जन्मलेलं विमान त्या काळात फार थोडं सापडेल. त्याचं सगळं यश आणि पुढचे सगळे हाल एकाच निर्णयातून आले: त्याला एकच काम दिलं होतं, बघून परत यायचं.

त्या निर्णयाची पार्श्वभूमी आधी सांगतो.

एप्रिल १९३७ मध्ये 'कामिकाझे' नावाचं एक विमान तोक्योहून लंडनला गेलं. मोहीम आसाही शिम्बुन या वर्तमानपत्राची, वैमानिक मासाआकी इइनुमा आणि सोबत केन्जी त्सुकागोशी. साधारण १५,३५० किलोमीटरचा हा प्रवास त्यांनी प्रत्यक्ष हवेतल्या ५१ तास १७ मिनिटांत पुरा केला. वाटेत ते कोलकाता आणि कराचीलाही उतरले होते. जगाला ही वर्तमानपत्राची हौशी मोहीम वाटली, पण ते विमान मुळात लष्करासाठी बनलेलं मित्सुबिशीचं कि-१५ होतं. एक इंजिन, दोन माणसं, चाकं आत न जाणारी, तरी वेग ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास. त्याच वर्षी चीनशी युद्ध पेटलं आणि कि-१५ शत्रूच्या मुलखात खोलवर जाऊन फोटो घेऊन परत यायला लागलं. (त्या दोघांचा शेवट मात्र फार वाईट झाला. डिसेंबर १९४१ मध्ये नॉम पेन्हच्या धावपट्टीवर पंख्याचा तडाखा बसून इइनुमा गेले. त्सुकागोशी जुलै १९४३ मध्ये सिंगापूरहून जर्मनीकडे निघालेल्या लांब पल्ल्याच्या विमानात होते. ते विमान हिंदी महासागरावर कुठेतरी नाहीसं झालं.)

कि-१५ च्या अनुभवातून लष्कराच्या हवाई मुख्यालयाला एक गोष्ट उमगली. रणांगणावर घिरट्या घालून तोफखान्याला मदत करणारं टेहळणी विमान वेगळं, आणि शेकडो किलोमीटर आत जाऊन शत्रूचे विमानतळ, रेल्वेची जंक्शनं, बंदरं टिपणारं विमान वेगळं. दुसरं काम सेनापतीसाठी असतं, म्हणून नावात 'मुख्यालय'. डोळ्यासमोर मुख्य शत्रू होता सोव्हिएत संघ, आणि मांचुरियाच्या पलीकडचा तो अफाट मुलूख.

१२ डिसेंबर १९३७ रोजी मित्सुबिशीला मागणी कळवण्यात आली. चार ते सहा हजार मीटर उंचीवर ताशी ४०० किलोमीटरने सहा तास उडता आलं पाहिजे आणि कमाल वेग ताशी ६०० किलोमीटर हवा. त्या वेळी बहुतेक देशांची पहिल्या फळीतली लढाऊ विमानंसुद्धा ५०० च्या आत-बाहेर होती. आणि माझ्या मते त्या कागदात जे मागितलं नव्हतं तेच जास्त मोलाचं होतं. बॉम्ब न्यायची अट नव्हती. हवेत कोलांट्या मारायची अट नव्हती. एक इंजिन की दोन, हेही ठरवून दिलं नव्हतं. लष्करी मागणीपत्रांची सर्वसाधारण खोड अशी की प्रत्येक खातं आपली एकेक अट त्यात घुसवतं आणि शेवटी कुठलंच काम धड न करणारं विमान बाहेर पडतं. इथे तसं झालं नाही.

आराखड्याची जबाबदारी आली तोमिओ कुबो या तरुण अभियंत्यावर. (हेच कुबो १९७० च्या दशकात मित्सुबिशी मोटर्सचे अध्यक्ष झाले.) त्यांनी दोन इंजिनं घेतली. दोन इंजिनांमुळे ताकद दुप्पट होते, पण हवेला अडणारा पृष्ठभागही वाढतो. ताऱ्याच्या आकारात सिलिंडर मांडलेली, हवेवर थंड होणारी इंजिनं तर समोरून चांगलीच रुंद असतात. तोक्यो विद्यापीठाच्या वैमानिकी संशोधन संस्थेने इथे मदत केली. याच संस्थेच्या विमानाने मे १९३८ मध्ये न उतरता ११,६५१ किलोमीटर उडून जागतिक विक्रम केला होता, म्हणजे हवेचा विरोध कमी करण्यात या मंडळींचा हात धरणारं कोणी नव्हतं. इंजिनावर घट्ट बसणारी, व्यास शक्य तेवढा आवळलेली कवचं त्यांच्या अभ्यासातून आली.

धडही तसंच आवळलेलं, अंडाकृती काटछेदाचं. पंखांचा विस्तार १४.७० मीटर, लांबी ११ मीटर. सामान्य वाचकाला त्याची रेखीव चण दिसते. मला दिसते ती आतली मांडणी. वैमानिक पुढे, निरीक्षक बराच मागे, आणि दोघांच्या मधे पेट्रोलची मोठी टाकी. ही टाकी विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ असल्यामुळे पेट्रोल संपत गेलं तरी विमानाचा तोल फारसा बिघडत नाही, आणि फोटोच्या सरळ धावेसाठी तोल फार महत्त्वाचा. पण त्याचा दुसरा अर्थ असा की दोन माणसं एका टाकीच्या दोन बाजूंना बसलेली. निरीक्षकाकडे मागे रोखलेली ७.७ मिलिमीटरची एकच मशीनगन, आणि वजन वाचवायला बऱ्याचदा तीही काढून ठेवत. चिलखत जवळपास नाही. ज्या दिवशी शत्रू मागे येऊन गोळी झाडेल त्या दिवशी हे विमान जळणार, हे आराखड्यातच मान्य केलेलं होतं. सगळी भिस्त शत्रूला मागे येऊच न देण्यावर.

पहिलं विमान नोव्हेंबर १९३९ मध्ये कागामिगाहाराहून उडालं. ९०० अश्वशक्तीच्या आसपासची दोन हा-२६ इंजिनं होती आणि वेग मिळाला ताशी ५४०. म्हणजे मागणीपेक्षा ६० ने कमी. तरी लष्कराने ते नाकारलं नाही, कारण त्या घडीला स्वतः जपानच्या हातातलं कुठलंही लढाऊ विमान त्याला गाठू शकत नव्हतं. पहिल्या नमुन्याची फक्त ३४ विमानं बनवून ती तुकड्यांना शिकायला दिली आणि मित्सुबिशी जास्त ताकदीच्या इंजिनामागे लागली.

त्या ३४ विमानांनी दिलेला त्रास नमूद करायला हवा, कारण विमानाच्या इतिहासात कमाल वेगाचे आकडे लिहिले जातात आणि मेकॅनिकच्या रात्री लिहिल्या जात नाहीत. उष्ण हवेत चाचण्या झाल्या तेव्हा इंजिनातलं तेल अवाजवी तापायला लागलं. पेट्रोलच्या नळ्यांत वाफ धरायची, की इंजिन आचके द्यायला लागायचं. त्यावर ८७ ऑक्टेनऐवजी ९२ ऑक्टेनचं पेट्रोल वापरायला सुरुवात झाली. ऑक्सिजनची व्यवस्थाही कमी पडत होती. नऊ-दहा हजार मीटरवर ऑक्सिजन कमी पडला तर माणसाला आधी त्रास होत नाही, आधी त्याची अक्कल मंदावते. तो चुकीचा विमानतळ टिपून खुशीत परत येतो. टेहळणीच्या कामात ही सर्वांत घातक गोष्ट. जोरात उतरलं तर चाकांचे पाय दगा द्यायचे, तेही हळूहळू मजबूत करावे लागले.

मार्च १९४१ मध्ये दुसरा नमुना उडाला. १,०८० अश्वशक्तीची हा-१०२ इंजिनं, ५,८०० मीटरवर ताशी ६०४ किलोमीटर. मागितलेला आकडा सव्वातीन वर्षांनी हाती आला. पल्ला सुमारे २,४७५ किलोमीटर, दहा हजार मीटरच्या वर चढण्याची ताकद. कि-४६ म्हणून जे जगाला माहीत आहे ते मुख्यतः हेच. या एका नमुन्याची १,०९३ विमानं बनली.

आता त्याचं पहिलं मोठं काम. ऑक्टोबर १९४१ मध्ये युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. मलायावर उतरण्याची योजना आखणारा लष्करी अधिकारी मासानोबु त्सुजी सायगावहून कि-४६ मध्ये बसून मलायावर गेला. पहिला प्रयत्न ढगांमुळे वाया गेला, दोन दिवसांनी दुसरा जमला. कोटा भारू, अलोर सेतार, सुंगेई पेतानी हे ब्रिटिशांचे विमानतळ त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. नकाशावर वाटत होते त्यापेक्षा ते फारच सुसज्ज होते. त्यावरून त्याचा निष्कर्ष असा झाला की हे विमानतळ पहिल्या तडाख्यातच हाती आले नाहीत तर समुद्रातून उतरणाऱ्या फौजेची खैर नाही. ८ डिसेंबरच्या मध्यरात्री कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी उतरले तेव्हा समोर खंदकांत डोग्रा रेजिमेंटचे आपले जवान होते, आणि आठवड्याभरात अलोर सेतारचं रक्षण करायला जित्राला उभी राहिलेली अकरावी भारतीय डिव्हिजन मोडली गेली. त्या लढायांची जागा बऱ्याच अंशी त्या उड्डाणाने ठरवली. एक विमान, दोन माणसं, काही तास.

इथे थोडं थांबून हे फोटो कसे घेतात ते सांगतो, कारण त्याशिवाय वेगाचं महत्त्व कळत नाही.

उभ्या हवाई फोटोची मोजपट्टी म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर भागिले उंची. अर्धा मीटर नाभीय अंतराचं भिंग आणि आठ हजार मीटर उंची असेल तर १:१६,०००. म्हणजे फिल्मवरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे सोळा मीटर. मलायात ब्रिटिशांकडे ब्लेनहाइम बॉम्बर होते, पंखांचा विस्तार साधारण सतरा मीटर. फिल्मवर ते विमान एक मिलिमीटरचं. एवढ्याशा ठिपक्यातून विमानाची जात ओळखायची. नुसता आकार बघून ते होत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात सावली लांब पडते, आणि शेपटीची उंची, इंजिनांची संख्या आपल्याला ती सावली सांगते. शिवाय लागोपाठच्या दोन फोटोंत साठ टक्के भाग सामाईक ठेवावा लागतो. ते दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली शेजारी ठेवले की जमीन उठून उभी राहते, झाडीखाली लपवलेला ट्रकही फुगवट्यासारखा दिसतो, आणि तोफेचा खड्डा खोल दिसतो. हे जमायला विमानाने काही मिनिटं तरी उंची, दिशा, वेग यांत तसूभर फरक न करता सरळ जायचं असतं. शत्रूच्या तोफा खाली, त्याची लढाऊ विमानं वर चढताहेत, आणि आपण सरळ रेषेत. टेहळणीच्या वैमानिकाचं धैर्य हे आहे, आणि ते कुठल्याही हवाई लढतीच्या धैर्यापेक्षा मी कमी मानत नाही.

आता वेगाचं गणित. ताशी ६०० म्हणजे मिनिटाला दहा किलोमीटर. रडारने दीडशे किलोमीटरवरून विमान पकडलं तर ते डोक्यावर यायला पंधरा मिनिटं लागणार. त्या काळच्या लढाऊ विमानाला नऊ हजार मीटर चढायला वीस मिनिटं किंवा जास्तच. म्हणजे सूचना मिळताक्षणी उड्डाण केलं तरी वर पोहोचेपर्यंत फोटो झालेले, विमान परतीच्या वाटेला आणि पन्नास किलोमीटर पुढे. मागून गाठायचं तर वेगातला फरक हवा, आणि ब्रिटिशांच्या हरिकेनपाशी किंवा अमेरिकेच्या पी-४० पाशी, म्हणजे दोस्तांच्या तेव्हाच्या लढाऊ विमानांपाशी, तो फरक उलटा होता. म्हणून १९४२ चं वर्ष डायनाने बिनधास्त काढलं. आपल्या हवाई दलानेही पुढे हाच विचार वेगळ्या पायरीवर वापरला: १९८१ पासून २००६ पर्यंत बरेलीच्या १०२ स्क्वाड्रनने उडवलेली मिग-२५ विमानं बिनशस्त्र होती, आणि त्यांचा बचाव उंची आणि वेग हाच होता.

ऑस्ट्रेलियात डार्विनच्या लोकांना डायना चांगलीच परिचयाची झाली होती. तिमोर बेटावरून उडणाऱ्या सत्तराव्या स्वतंत्र तुकडीची विमानं यायची, उंचावरून बंदर आणि धावपट्ट्या टिपायची, निघून जायची. त्यानंतर थोड्याच दिवसांत बॉम्बर यायचे. म्हणजे आकाशातली एक बारीक पांढरी रेघ ही हल्ल्याची नोटीसच होती. हेच टेहळणीचं दुखणं आहे: तुम्ही बघायला गेलात की काय बघताय तेही समोरच्याला कळतं.

१९४३ च्या सुरुवातीला तिथे स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या तीन स्क्वाड्रन आल्या. ६ फेब्रुवारी १९४३ रोजी ५४ स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट बॉब फॉस्टर यांनी एक डायना समुद्रावर पाडली. ऑस्ट्रेलियाच्या आकाशातला स्पिटफायरचा हा पहिला बळी. तरी हा खेळ एकतर्फी झाला नाही. स्पिटफायरचा हा पाचवा नमुना, वर धूळ अडवणाऱ्या फिल्टरचं ओझं. कमाल वेगात तो डायनापेक्षा फारसा पुढे नव्हताच. फरक पडला तो चढण्याच्या वेगाने आणि जमिनीवरच्या रडार नियंत्रकाने. नियंत्रक आता विमानाच्या मागे धावायला सांगत नव्हता. जपानी वैमानिक फोटो घेऊन घरी जाताना कुठल्या वाटेने जाईल याचा अंदाज घेऊन तो स्पिटफायरला आधीच तिथे उंचावर नेऊन ठेवत होता. एकाच कामासाठी, एकाच वेळेला, एकाच बाजूने येणाऱ्याला वाटेत गाठता येतं.

१८ जुलै १९४३ ला ४५७ स्क्वाड्रनचे प्रमुख केन जेम्स यांनी सत्तराव्या तुकडीचा कमांडर कॅप्टन शुन्जी सासाकी यालाच पाडलं. महिन्याभराने, १७ ऑगस्टला, एका दिवसात चार डायना गेल्या. त्यातली शेवटची क्लाइव्ह कॉल्डवेल या नामांकित ऑस्ट्रेलियन वैमानिकाने पाडली. एवढ्या छोट्या तुकडीला हा धक्का म्हणजे निरीक्षकांची एक अख्खी पिढी गमावणं. वैमानिक वर्षभरात तयार होतो. डोळा तयार व्हायला जास्त काळ लागतो.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट बंगालच्या आकाशात घडली. ब्रह्मदेशात ८१ व्या सेन्ताईकडे, म्हणजे रेजिमेंटकडे, डायना होत्या आणि त्या चितगाव, कोलकाता, आसामचे विमानतळ न्याहाळून जायच्या. खाली हरिकेन होती, पण ती वर पोहोचेपर्यंत काम झालेलं असायचं. १९४३ च्या पावसाळ्यानंतर इकडेही स्पिटफायर आली. ८ नोव्हेंबरला चितगावजवळ ६१५ स्क्वाड्रनने पहिली डायना पाडली आणि त्याच महिन्यात आणखी काही गेल्या. ५ डिसेंबरला जपानी बॉम्बर दिवसाढवळ्या कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीवर येऊन गेले आणि तिथे गोदी कामगार मोठ्या संख्येने मेले, तेव्हा बचावाची व्यवस्था अजून कच्ची होती हेही खरं. पण टेहळणीपुरतं चित्र पालटलं होतं.

त्याचा परिणाम किती झाला? माझं मत असं की तो बॉम्बहल्ल्यांच्या नोंदीत दिसत नाही, जमिनीवर दिसतो. त्याच हिवाळ्यात ब्रिटिशांची चौदावी आर्मी इम्फाळच्या मैदानात रस्ते, धावपट्ट्या, कोठारं उभारत होती आणि एका मैदानातून दुसऱ्या मैदानात विमानाने अख्खी फौज हलवण्याची तयारी करत होती. मार्च १९४४ मध्ये जपानी सेना इम्फाळ आणि कोहिमाकडे सरकली ती हे गृहीत धरून की वेढा पडला की इंग्रज फौज मलायासारखी मागे हटेल आणि तिची रसद आपल्या हाती येईल. तसं झालं नाही. सांगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीचे आपले जवान छत्रीधारी सैनिकांच्या बरोबरीने लढले, तिथे जपानी सेनेचे मोलाचे दिवस खर्ची पडले, आणि वेढलेल्या इम्फाळला विमानांनी रसद पुरवली. हवाई पुरवठ्याची ती ताकद जपानी सेनापतींनी वेळीच जोखली असती तर? एकट्या डायनाच्या अभावावर सगळं घालता येणार नाही, सेनापतींचा हट्टही होता. पण १९४१ मध्ये मलायावर जो डोळा उघडा होता तो १९४४ मध्ये अर्धा मिटलेला होता, एवढं मी छाती ठोकून सांगेन.

मित्सुबिशी गप्प बसली नव्हती. मे १९४२ मध्येच तिसऱ्या नमुन्याचं काम सुरू झालं आणि डिसेंबरमध्ये तो उडाला. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणारी १,५०० अश्वशक्तीची हा-११२ इंजिनं, जी पुढे कि-१०० या गाजलेल्या लढाऊ विमानातही बसली. वेग ताशी ६३०. मूळ टाक्यांत वाढ, शिवाय पोटाखाली ४६० लिटरची टाकून देता येणारी टाकी, आणि पल्ला चार हजार किलोमीटरपर्यंत. डोळ्यात भरणारा बदल म्हणजे नाक. आधी वैमानिकासमोर काचेची पायरी होती, ती काढून नाकाच्या टोकापासून छतापर्यंत काचेची एकच सलग वक्र रेषा केली. विमान फार देखणं झालं. वैमानिकांना मात्र त्या वक्र काचेतून समोरचं वेडंवाकडं दिसायचं आणि उन्हाची तिरीप डोळ्यांवर यायची.

तिसऱ्या नमुन्याची सहाशेच्या वर विमानं झाली. १९४४ च्या अखेरीपासून त्यांच्या वाट्याला सर्वांत लांबचं काम आलं: मारियाना बेटांवरचे बी-२९ या अमेरिकेच्या अवजड बॉम्बरचे तळ. सायपान, तिनियान, ग्वाम. समुद्रावर फार लांब जायचं, अमेरिकन रडार आणि लढाऊ विमानांच्या छायेत धावपट्ट्यांवरची विमानं मोजायची, तेवढंच परत यायचं. ही उड्डाणं करणाऱ्या माणसांबद्दल फार कमी लिहिलं गेलंय याचं मला वाईट वाटतं.

आणि याच सुमारास त्या विमानाशी अन्याय झाला. बी-२९ नऊ-दहा हजार मीटरवरून यायला लागले आणि त्या उंचीवर लढू शकणारी विमानं जपानकडे मोजकी होती. उंच उडणारं, वेगवान असं हाताशी काय आहे? डायना. मग तचिकावाच्या लष्करी तांत्रिक संस्थेने तिच्या नाकात २० मिलिमीटरच्या दोन तोफा बसवल्या आणि मधल्या भागात तिरकी वर रोखलेली ३७ मिलिमीटरची एक. वैमानिकाला नेम धरता यावा म्हणून समोरची काच पुन्हा पायरीची केली. नोव्हेंबर १९४४ पासून ही विमानं तुकड्यांत गेली. कागदावर ठीक. प्रत्यक्षात आठ हजार मीटर चढायला एकोणीस मिनिटं लागायची. हवेतल्या झटापटीत लागणारी मजबुती त्या सडपातळ सांगाड्यात कधीच घातलेली नव्हती, आणि बी-२९ च्या मशीनगनांसमोर ती मधली टाकी होतीच. शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपल्यासारखं झालं. ज्या अटी १९३७ च्या कागदात मुद्दाम गाळल्या होत्या त्याच आता मागितल्या जात होत्या.

चौथा नमुना टर्बोचार्जर, म्हणजे विरळ हवेतही इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र, लावून अतिउंचीवर न्यायचा होता. चारच बनले. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यातल्या दोन विमानांनी पाठीमागच्या जोरदार वाऱ्याच्या मदतीने चीनहून जपानपर्यंत सुमारे २,३०० किलोमीटर अंतर ताशी ७०० च्या सरासरीने कापलं. उपयोग मात्र उरला नव्हता. डिसेंबर १९४४ चा मोठा भूकंप आणि पाठोपाठ बी-२९ चे हल्ले यांनी नागोयाचा कारखाना खिळखिळा केला होता. उत्पादन तोयामाकडे हलवलं, पण तिथून थोडीच विमानं बाहेर पडली. सगळे नमुने मिळून एकूण १,७४२.

लोक विचारतात, ब्रिटनच्या मॉस्किटो या दोन इंजिनांच्या वेगवान विमानापेक्षा हे सरस होतं का? माझ्या मते नाही. मॉस्किटो जास्त वेगवान झालं, जास्त कणखर होतं, आणि त्यामागे फोटो वाचणाऱ्या प्रशिक्षित माणसांची फार मोठी यंत्रणा उभी होती. कोलकात्याहून उडणारी ६८४ स्क्वाड्रनची मॉस्किटो ब्रह्मदेशाचा जवळजवळ सगळा मुलूख टिपत होती, आणि तो फोटो लढणाऱ्या पलटणीपर्यंत नकाशा होऊन पोहोचत होता. जपानी बाजूला विमान उत्तम होतं, पण लष्कर आणि नौदल यांचं आपसात पटत नसे, प्रत्येकाची टेहळणी वेगळी. फोटो काढणं हा अर्धा भाग आहे. तो योग्य माणसाच्या टेबलावर वेळेत पोहोचणं आणि त्याने तो आपल्या मताविरुद्ध असला तरी मानणं हा दुसरा.

१,७४२ पैकी आज पूर्ण विमान एकच उरलं आहे. तिसऱ्या नमुन्याचं, क्रमांक ५४३९. युद्ध संपल्यावर मलायात ते ब्रिटिशांच्या हाती लागलं, जपानी विमानांची तपासणी करणाऱ्या दोस्तांच्या तांत्रिक पथकाने जपानी माणसांकडूनच ते उडवून घेतलं आणि १९४६ मध्ये जहाजाने इंग्लंडला नेलं. ते रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहात आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ते जरूर बघावं. बघायला गेलात तर त्या नाकाच्या काचेत फार वेळ गुंतू नका, फोटो सगळे तिचेच काढतात. आधी इंजिनाच्या कवचाला समोरून बघा, किती आवळून बसवलंय ते. मग बाजूने जाऊन वैमानिकाची जागा आणि निरीक्षकाची जागा यांतलं अंतर बघा. मधे जी टाकी होती तिची जागा तिथेच कळते, आणि या विमानाच्या आराखड्यात कशाच्या बदल्यात काय घेतलं होतं तेही.